ठिपके सरकवायचा हंगाम

प्रयोगशाळेचं कुलूप वर्षातून एकदाच निघत असेल, तर दार उघडताना आधी वास येतो. उंदरांच्या लेंड्यांचा, गळक्या बॅटऱ्यांवर फुललेल्या पांढऱ्या क्षारांचा, खिडकीच्या फटीत मरून वाळलेल्या कबुतराचा, आणि या सगळ्यावर शिपायानं घाईघाईनं ओतलेल्या फिनेलचा. यंदाही प्रॅक्टिकलचं वेळापत्रक मोबाइलवर आलं आणि मी धुळ्यातल्या माझ्या झाडलेल्या-पुसलेल्या घरात बसलेली असूनही तो वास नाकात शिरला. चहाचा कप खाली ठेवावा लागला.

मार्च आला की कुणाला पळस आठवतो, कुणाला कैऱ्या. मला किळस आठवते. सांगायला बरं वाटत नाही, कारण मी भौतिकशास्त्र शिकवते आणि ते मला आवडतं. पण दरवर्षी या दिवसांत, ऊन डोक्यावर चढायला लागलं आणि दुपारी रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटायला लागलं, की घशाशी काहीतरी येतं ते खाली जात नाही.

ज्या हंगामाबद्दल मी सांगते आहे, त्या वेळी मी फैजपूरच्या बाजूला एका लहान कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होते. घर शिंदखेड्याला, राहायला एक भाड्याची खोली. तो सगळा पट्टा केळीचा. रस्त्यानं जाताना दोन्ही बाजूंना थंडगार हिरवा काळोख, आणि रस्त्याच्या कडेला गटारात टाकून दिलेल्या, काळ्या पडलेल्या फण्या. त्यांच्यावर चिलटं. केळीचा चीक कपड्याला लागला की तो डाग कधीच जात नाही. माझ्या एका फिकट निळ्या ओढणीवर तसा डाग पडला होता. बसमध्ये कुणाच्या तरी पिशवीतून लागला असावा. मी कितीतरी दिवस ती ओढणी घासत होते.

आमच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या वर्गात हजेरीपटावर भरपूर नावं होती आणि बाकांवर कुणी नसायचं. नावं आमच्याकडे, मुलं जळगावला. कुणी स्पर्धा परीक्षांच्या क्लासला, कुणी एखाद्या दुकानात कामाला. मुलं दिसायची ती फक्त मार्चमध्ये. मग प्रयोगशाळेचं ते कुलूप निघायचं आणि विभागप्रमुख चौधरी सर झेरॉक्स वाटायचे.

चौधरी सर वाईट माणूस नव्हते, हे आधीच सांगते. गोड बोलायचे, मुलांना नावानं ओळखायचे, मला 'ताई' म्हणायचे. त्यांच्या झेरॉक्सवर प्रत्येक प्रयोगाची तयार रीडिंग असायची. मुलांनी ती जर्नलमध्ये उतरवायची, ग्राफ काढायचा, उत्तर लिहायचं. उत्तर पुस्तकातल्या उत्तराला चिकटून यायचं. यायचंच, कारण रीडिंग त्या उत्तरावरूनच मागे मागे जात बनवलेली असायची.

पण मला खरी शिसारी आली ती ग्राफ काढण्याची पद्धत बघून. मुलं आधी पट्टी ठेवून रेषा ओढायची. तिरकी, सुबक, टोकदार पेन्सिलीची. आणि मग त्या रेषेवर एकेक ठिपका ठेवत जायची, जसं तुळशीबागेतल्या टिकल्यांचं पाकीट उघडून आरशाच्या कडेला टिकल्या लावत जावं. एका मुलाला मी विचारलं, "अरे, ठिपके आधी आणि रेषा नंतर ना?" तो म्हणाला, "मॅडम, तसं केलं तर चुकतं."

अगदी निरागसपणे म्हणाला. मी खिडकीशी गेले आणि बाहेरची हवा घेतली. बाहेरही फिनेलच होतं.

दीपाली सावद्याची. शेवटच्या वर्षाला होती. तिच्या वडिलांना सगळे नाना म्हणत. त्यांची केळीची शेती होती आणि गाडी भरून देण्याचा धंदाही होता. तिलाही जळगावला क्लासला ठेवलं होतं, पण डिसेंबरात ती परत आली. होस्टेलच्या भाजीत अळी निघाली आणि नंतर तिला कुठलंच जेवण जाईना, असं घरी सांगितलं होतं. मला तिनं वेगळंच सांगितलं. "तिथं सर सूत्राचं गाणं म्हणायला लावायचे, मॅडम. दीडशे मुली एका हॉलमध्ये टाळ्या वाजवून सूत्र म्हणतात. मला एकदम उलटी आली. खरोखर आली, बाकावर."

तेव्हा मला कळलं की ही आपल्यातलीच आहे.

ती रोज यायला लागली. रिकाम्या वर्गात एकटीच पुढच्या बाकावर. पहिल्याच दिवशी तिनं वहीवर बोट ठेवून विचारलं, "मॅडम, पडणाऱ्या वस्तूच्या सूत्रात हे अर्धं कुठून येतं? कुणी कापून घेतलं?"

मी फळ्यावर दोन अक्ष काढले. आडवा वेळेचा, उभा वेगाचा. दगड हातातून सुटला तेव्हा वेग शून्य. मग प्रत्येक क्षणाला सारखा सारखा वाढत जातो. वर चढत जाणारी एक सरळ रेषा. "आता वेग जर पहिल्यापासून शेवटच्याइतकाच असता, तर दगड किती अंतर गेला असता?"

तिनं येऊन रेषेच्या टोकापासून चौकट पूर्ण केली. वेग गुणिले वेळ, म्हणजे हा आयत. मग ती थांबली. रेषेनं त्या आयताचे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन तुकडे केले होते. खालच्या तुकड्यावर तिनं हात ठेवला. खडूची भुकटी तिच्या तळव्याला लागली.

"हे अर्धं होय!" ती म्हणाली. "त्रिकोण आहे तो."

"आणि रेषेचा हा जो चढ आहे ना, तो म्हणजे पृथ्वीचं ओढणं. चंद्रावर रेषा आणखी आडवी पडेल."

ती बराच वेळ त्या फळ्याकडे बघत राहिली. शाळेपासून ते अर्धं ती पाठ करत आली होती, आणि त्याला एक आकार आहे हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मलाही कुणी शिकवलं नव्हतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी रिकाम्या वर्गात बसून बसून मी ते स्वतः शोधलं होतं. रिकाम्या वर्गाचा तेवढाच उपयोग.

मग आम्हाला नादच लागला. विजेच्या सूत्रात छेदात बसलेलं चार पाय, म्हणजे चार गुणिले वर्तुळाचा तो पाय, तिला छळत होतं. त्यासाठी आम्ही खिडक्यांना पुठ्ठे लावले, एक लहान बल्ब पेटवला, आणि एका पुठ्ठ्याला चौकोनी खिडकी कापून तो समोर धरला. भिंतीवर उजेडाचा चौकोन पडला. बल्बापासून पुठ्ठा जितका लांब त्याच्या दुप्पट लांब भिंत येईल असं केलं, तर उजेडाचा चौकोन चार खिडक्यांएवढा झाला, आणि तितकाच फिका. "उजेड तेवढाच आहे," मी म्हटलं, "पण त्याला आता चौपट अंगण सारवायचंय." ती बल्बाभोवती फिरली. सगळीकडेच खिडक्या आहेत असं धरलं तर? सगळीकडून मिळून एक गोळा होतो, आणि त्या गोळ्याच्या सालीचं क्षेत्रफळ म्हणजेच ते चार पाय गुणिले त्रिज्येचा वर्ग. ती खाली वाकून बल्बाकडे बघत म्हणाली, "म्हणजे चार पाय हे या सालीमुळं आलंय. मोसंबीसारखं."

पुठ्ठे लावलेल्या त्या खोलीत गदमदायचं. घामानं पाठ ओली व्हायची. कुठेतरी पालीनं अंडी घातली होती, ती फुटायची. पण त्या दिवसांत मला कुठलाच वास आला नाही. ही गोष्ट मला आत्ता लिहिताना लक्षात येते आहे.

सर्वांत जास्त ती रमली ती पुंजवादातल्या त्या स्थिरांकात, ज्याला आम्ही नुसतं एच म्हणतो. दशांश चिन्हानंतर शून्यांची इतकी मोठी रांग की मुलं ती संख्या घडाघडा म्हणतात आणि तिचं काय करायचं ते कुणालाच ठाऊक नसतं. मी तिला म्हटलं, ही संख्या विसर, एक कागद घे. आडव्या अक्षावर कण कुठे आहे ते, उभ्या अक्षावर त्याचा संवेग, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, किती आहे ते. आता त्या कागदावर कणाची जागा म्हणून एक ठिपका दे.

तिनं दिला.

"निसर्गाला हा ठिपका मंजूर नाही. तो म्हणतो, ठिपका नाही मिळणार, तुकडा घ्या. चौकोनी घ्या, लांबट पट्टा घ्या, पण एका ठरावीक क्षेत्राहून लहान तुकडा मी कुणाच्याही नावावर करणार नाही. ते ठरावीक क्षेत्र म्हणजे साधारण हा एच."

ती हसायलाच लागली. "तुकडेबंदी!"

"काय?"

"मॅडम, आमच्याकडे काकांचं आणि नानांचं वाटणीवरून चालू आहे ना. तलाठी आप्पा सारखं हेच सांगतात. पट्टा कसाही पाडा, पण इतक्या गुंठ्यांच्या खाली तुकडा होणार नाही, कायदा आहे. निसर्गाचीपण तुकडेबंदी आहे म्हणजे."

मी इतकी वर्षं शिकवते आहे. त्यानंतर दरवर्षी मी वर्गात हेच उदाहरण देते, आणि ते सावद्याच्या एका मुलीचं आहे असं सांगते.

हाच एच मोजायचा प्रयोग तिच्या अभ्यासक्रमात होता. लाल, पिवळा, हिरवा, निळा असे छोटे एलईडी दिवे. प्रत्येकाला हळूहळू विजेचा दाब वाढवत न्यायचा आणि तो नेमका कधी मिणमिणायला लागतो ते बघायचं. लाल लवकर जागा होतो, निळ्याला जास्त दाब लागतो. रंगाची कंपनसंख्या आडव्या अक्षावर, दाब उभ्या अक्षावर. चार ठिपके साधारण एका रेषेत येतात, आणि त्या रेषेचा चढ बघून एच काढायचा.

दिवे आणि तारा रिकाम्या वर्गातच आणून आम्ही काळ्या चार्टपेपरची नळी केली. एक टोक दिव्यावर, एक टोक डोळ्यावर. बाहेर दुपारचं ऊन पत्र्यावर तडतडत असायचं आणि ती नळीला डोळा लावून श्वास रोखून बसायची. "आला... नाही... आला. मॅडम, लिहा." कधी कधी तिला वाटायचं दिसला आणि मला वाटायचं नाही. मग पुन्हा. एक दिवस तिनं नळीवरून डोळा न काढताच विचारलं, "हा चढ सगळीकडे इतकाच?"

"सगळीकडे."

"सावद्यातपण, आणि त्या दूरच्या ताऱ्यांवरपण?"

"हो."

"आणि कुणी कितीही मोठा माणूस असला तरी त्याला बदलता येत नाही?"

"नाही येत."

"बरंय," ती म्हणाली. त्या 'बरंय'मध्ये काय काय होतं! वाटणीची भांडणं, टाळ्या वाजवणारा हॉल, तिच्या लग्नाची चाललेली बोलणी. कुठेतरी काहीतरी आहे ज्याला कुणी हात लावू शकत नाही, याचं तिला बरं वाटलं होतं.

हिरवा दिवा मात्र कधीच सरळ वागला नाही. त्याचा ठिपका रेषेच्या वरच बसायचा. आम्ही दिवा बदलला, तारा बदलल्या, मी डोळा लावला, तिनं लावला. तो तिथेच. बहुधा त्या दिव्याची घडणच निराळी असते, म्हणून. "असू दे," मी म्हटलं. "जिथे दिसला तिथे लिही. रेषा त्याच्या बाजूनं जाऊ दे."

परीक्षेच्या दिवशी सकाळपासूनच चौधरी सर गडबडीत होते. बाहेरून येणारे परीक्षक त्यांच्या ओळखीचे. त्यांच्या कॉलेजात पुढच्या आठवड्यात चौधरी सर परीक्षक म्हणून जाणार होते. भरिताची वांगी मार्चात संपत आलेली असतात, तरी कुठून तरी मिळवून शेतावर भाजून आणली होती. पुऱ्या, शेवभाजी, कांद्याची पात, मठ्ठा. प्रयोगशाळेतल्याच मोठ्या टेबलावर वर्तमानपत्रं अंथरली गेली. सूक्ष्मदर्शक उचलून खिडकीत ठेवला, कारण डब्यांना जागा हवी होती.

मुलं परीक्षा देत होती आणि त्याच खोलीत परीक्षक जेवत होते. भरितावर कच्च्या तेलाची धार धरली जात होती. तो वास मला एरवी आवडतो. शिंदखेड्याला आमच्या घरी थंडीत आठवड्याला भरीत होतं. त्या दिवशी त्यात फिनेल आणि कबुतर मिसळलं होतं. समोर मुलं झेरॉक्स मांडीवर ठेवून उतरवत होती. कुणी दिवा पेटवत नव्हतं. दिव्यांना वीज लागते हेही काहींना ठाऊक नसावं.

दीपाली कोपऱ्यात नळीला डोळा लावून बसली होती.

परीक्षक उठले. ढेकर दिला. हात धुतले नाहीत, रुमालाला पुसले. एकेका मुलाच्या कागदावर नजर टाकत, "छान, छान" करत ते तिच्यापाशी आले आणि तिचा ग्राफ उचलला.

"बेटा, हा हिरवा कुठे चाललाय? घरून भांडून आलाय का?"

मुलं हसली. चौधरी सरही हसले.

"सर, तो तिथेच येतो," दीपाली म्हणाली.

"येतो म्हणजे? लाईनवर घे त्याला."

"मी पुन्हा पुन्हा पाहिलं, सर."

"पुन्हा पुन्हा पाहायचंच कशाला? उत्तर तर माहीत आहे ना तुला?"

हे म्हणताना त्यांनी अंगठा त्या ठिपक्यावर ठेवला आणि खाली, रेषेकडे ओढला. खरोखर ओढला, जसा एखादा किडा पुसावा. तेलाचा माग उमटला. त्या मागाखाली कागद पारदर्शक झाला आणि टेबलावर कुणीतरी कधीकाळी कोरलेलं नाव त्यातून दिसायला लागलं.

मी म्हटलं, "सर, सर्किट जोडलेलं आहे. तुम्हीच बघा ना डोळा लावून. दोन मिनिटं लागतील."

ते माझ्याकडे बघून प्रेमळ हसले. "मॅडम, नवीन दिसताय."

दीपालीनं त्यांच्या हातातून कागद घेतला. ओढणीच्या टोकानं तेल टिपलं, जेवढं टिपता आलं तेवढं, आणि पेन्सिलीनं त्याच जागी ठिपका पुन्हा गडद केला. तिनं त्या ठिपक्याभोवती एक बारीकसं वर्तुळ काढलं, कागद टेबलावर ठेवला आणि उभी राहिली.

संध्याकाळी चौधरी सरांच्या केबिनमध्ये गुणपत्रक माझ्यासमोर आलं. अंतर्गत परीक्षक म्हणून माझी सही लागत होती. ज्यांनी दिव्याला हात लावला नव्हता त्यांना जवळजवळ पैकीच्या पैकी. दीपालीचे गुण वर्गात सर्वांत कमी.

"मी सही करणार नाही, सर."

"ताई, पाणी घ्या आधी."

"मला पाणी नको."

"अहो, सगळी आपलीच लेकरं आहेत. त्या पोरीला मी सांगत होतो, दुसरा ग्राफपेपर घे. तुम्ही तिला समजवा, आपण अजूनही बदलून घेऊ. परीक्षकांचा काही राग नाहीये."

"तो ठिपका तिनं पाहिलेला आहे, सर. तिथे बाकी कुणीच काही पाहिलेलं नाही."

ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. ते रागावले नाहीत. खूप समजूतदारपणे त्यांनी माझ्यासमोरून कागद आपल्याकडे ओढला, माझ्या जागी स्वतः सही केली, आणि टेबलावरची पेढ्यांची पेटी पुढे केली. "घ्या. परीक्षा पार पडली." पेढ्यावर केशराचा एक धागा होता. मी बाहेर व्हरांड्यात आले आणि कठड्याला धरून उभी राहिले.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी मी अक्काला फोन केला. अक्का माझी थोरली बहीण, शिंदखेड्यालाच दिलेली. घरात सगळ्यांशी अहिराणीतच बोलते. मी तिला सगळं सांगितलं. तिला एलईडी वगैरे कळलं नाही, पण अंगठा कळला.

"तठे बठ्ठा असाच शेतस का व?" तिनं विचारलं.

"सगळे नाहीत गं. पण कुणाला काही वाटतच नाही."

"मंग तुलेच काबर वास येस?"

मलाच का? नाक सगळ्यांना असतं. काहींचं मार्चमध्ये बंद होतं आणि जूनमध्ये उघडतं, इतकंच असेल.

निकाल लागला तेव्हा त्या थोड्या गुणांनी दीपालीचं नाव विद्यापीठाच्या प्रवेशयादीत खाली गेलं. जळगावला एम.एस्सी.ला बसायचं तिचं स्वप्न होतं, ते गेलं. आणि एके सकाळी नाना माझ्या खोलीच्या दाराशी मोटरसायकल लावून उभे राहिले. शर्टावर चिकाचे काळे डाग. आत या म्हटलं, आले नाहीत.

"मॅडम, तुम्ही पोरीले काय शिकवलं?"

"नाना, तिनं काही चुकीचं केलं नाही."

"चुकीचं मी म्हणून नाही राह्यलो. तिळाएवढा ठिपका होता म्हणे. सरकवला असता त कोणाचं काय गेलं असतं?"

"कुणाचंच नसतं गेलं."

"मंग? पोर कालपासून जेवून नाही राह्यली. तिच्या मायनं डोळ्याले पदर लावला. अन् तुमी म्हणता चुकीचं नाही."

मी त्यांना म्हटलं, "नाना, तो ठिपका कुठे आहे ते तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं."

मला वाटलं होतं, त्यांना पटेल. निदान क्षणभर थांबतील. ते म्हणाले, "मॅडम, डोळ्यानं पाह्यलेलं सगळं माणसानं बोलायचं ठरवलं, त आमच्या घरात एक दिवस चूल पेटणार नाही." आणि किक मारून निघून गेले. धुराचा भपकारा दारातून आत आला.

ते खोटं बोलत नव्हते. त्याचीच मला जास्त शिसारी आली.

जूनमध्ये मला त्या कॉलेजातून बोलावणं आलं नाही. चौधरी सरांनी फोनवर "यंदा तास कमी आहेत, ताई" असं सांगितलं, तेही गोड आवाजात. मी धुळ्याला आले. दीपालीही वर्षभरानं धुळ्याच्या एका कॉलेजात एम.एस्सी.ला आली; नानांनीच आणून सोडली, माझ्याशी न बोलता. ती रविवारी घरी यायची. आम्ही भाकरी-ठेचा खायचो आणि प्रकाशाच्या वेगाची रेषा कागदावर कुठवर झुकवता येते यावर वाद घालायचो. तिचा राग मात्र कधी दिसला नाही. मला वाटायचं, तिनं तो सांभाळून ठेवला आहे, एचसारखा, कुणाचा हात पोचणार नाही अशा ठिकाणी.

आता धुळ्यात चौकाचौकांत क्लासचे फलक आहेत. 'डोळ्यांनी शिका भौतिकशास्त्र' असं एकावर लिहिलंय. पडद्यावर अणू नाचतात, स्थिरांक रंगीत कारंज्यासारखे उडतात, पार्श्वभूमीला ढोल. मी एकदा जाऊन बसले होते. मुलं तोंडं उघडी टाकून बघत होती. कुठल्याच रेषेच्या बाजूला एकही चुकार ठिपका नव्हता. सगळे ठिपके रेषेवर जन्माला आल्यासारखे. मला पंधरा मिनिटांत बाहेर यावं लागलं.

दीपाली सध्या जळगावच्या बाजूला एका कॉलेजात शिकवते. तासिका तत्त्वावर, माझ्यासारखीच. दरवर्षी करार, दरवर्षी मे महिन्यात धाकधूक. यंदा ती पहिल्यांदाच अंतर्गत परीक्षक झाली. परवा दुपारी मी पेपर तपासत बसले होते, कूलरचं पाणी संपून नुसती गरम हवा येत होती, आणि तिचा फोन आला.

"मॅडम, आज मी एका मुलीला पॉइंट सरकवायला सांगितला."

मी लाल पेन खाली ठेवलं.

"बाहेरचे सर मागे उभे होते. घाई करत होते. त्या मुलीचा पॉइंट बराच लांब होता, आणि ते काहीतरी बोलणार असं मला वाटलं. ते काही बोललेच नाहीत, मॅडम. त्यांच्या आधी मीच बोलले. लाईनवर घे त्याला, असं मीच म्हटलं."

"मग?"

"मग मी बाहेर गेले. नळावर तोंड धुतलं. स्वतःच्या हाताला हात लावावासा वाटेना, तसं झालं. परत आत आले आणि तिला म्हटलं, राहू दे, होता तिथेच ठेव."

"ठेवला?"

पलीकडे मुलींचा गलका ऐकू येत होता, बाकं सरकवल्याचे आवाज.

"तिनं तोवर खोडला होता. वरचं रीडिंगही खोडून नवीन लिहिलं होतं, अगदी नीट, जुनं दिसू नये असं. मी म्हटलं, काही हरकत नाही, जुनं जे होतं ते परत लिही. ती माझ्याकडे बघत राहिली. मी चिडलेय असं तिला वाटलं असेल, रडकुंडीलाच आली ती. म्हणाली, मॅडम, तो कुठे होता ते आता आठवत नाही."